तिरप्या उजेडातले धागे

"हनुवटी इथे ठेवा. कपाळ पट्टीला टेकवा. आता हलू नका."

मित्रांनो, आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेली वाक्ये हीच. सकाळी दार उघडले की ही सुरू होतात आणि संध्याकाळी दिवे मालवेपर्यंत थांबत नाहीत. ऐकून ऐकून माझे कान किटले असते, पण मला कान नाहीत म्हणून वाचलो.

मी एक जुना स्लिट लॅम्प आहे. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत, चाकांच्या टेबलावर बसलेला. माझे हे नाव घेण्याचे कष्ट कुणी करत नाही. रुग्ण मला 'हनुवटीचं मशीन' म्हणतात आणि मामा 'म्हातारा' म्हणतात. मामा म्हणजे इथले सर्वांत जुने मदतनीस. ते स्वतः निवृत्तीला टेकले आहेत, पण म्हातारा मी. असो. वयावरून हुज्जत घालायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे भिंगे घासणाऱ्या माणसांचे एक लांबलचक टेबल होते. भिंग घासायचे, धुवायचे, उजेडासमोर धरायचे आणि जरासा डाग दिसला की पुन्हा घासायला घ्यायचे, असे त्यांचे दिवसभर चाले. त्यातली काही भिंगे माझ्या पोटात बसली. मग एक दिवा आला, त्याच्यापुढे एक आरसा आणि एक बारीक फट. सगळी करामत त्या फटीत आहे. डोळ्यावर समोरून भसकन उजेड टाकला तर नुसती चकाकी येते आणि काही कळत नाही. पण फट बारीक करून तोच उजेड बाजूने, तिरपा टाकला की जे एरवी दिसत नाही ते दिसू लागते. कुठे सूज आहे, कुठे ओरखडा आहे, सगळे उघडे पडते. मला दुसरे काही येत नाही. मी औषध देत नाही, टाका घालत नाही. मी फक्त उजेड धरतो.

मी दवाखान्यात नवा आलो तेव्हा माझा काय रुबाब होता! वरच्या मजल्यावरचे डॉक्टरही मुद्दाम मला बघायला खाली उतरत. मामा रोज मऊ फडक्याने माझे अंग पुसत. संध्याकाळी दिवा थंड झाला की राखाडी कापडाची खोळ माझ्यावर चढवत. त्या काळी ती खोळ इस्त्री केलेली असायची. आता सांगितले तर कुणाला खरे वाटायचे नाही.

मग सवय झाली. माणसांना माझी आणि मला माणसांची. कपाळपट्टीवर डोक्याचे तेल, हनुवटीच्या वाटीत घाम, मुलांच्या हातांचा बिस्किटांचा चिकटा. एका पठ्ठ्याने तर हनुवटीखालचा कागद चक्क चावून खाल्ला होता. माझा दांडा आता फिरवताना कुरकुरतो. बल्ब मधूनच डोळा मिचकावतो. खोळ तर त्या दांड्याच्या टोकावर घासून घासून फाटली आणि भोकातून रोज धूळ आत येऊ लागली. मामा अधूनमधून म्हणत, "बाई, म्हाताऱ्याची खोळ शिवायला पाहिजे हो." बाई म्हणत, "हो, हो, बघू." आणि ते बघणे राहून जाई.

बाई म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाई. त्यांच्यावर मी रागावू तरी कसा? माझ्या एका बाजूला रुग्ण बसतो, दुसऱ्या बाजूला त्या. दिवसभर त्यांचे डोळे माझ्या भिंगांना चिकटलेले असतात आणि संध्याकाळी उठताना त्या आधी पाठ दाबतात, मग मला बंद करतात. रुग्णाची नजर इकडेतिकडे भिरभिरू नये म्हणून त्या एकच गोष्ट सांगतात, "माझ्या कानाकडे बघा." त्यामुळे या गावातल्या कितीतरी लोकांना बाईंचा चेहरा धड आठवत नाही, पण कान बरोबर ओळखू येतो.

ज्या रुग्णाची गोष्ट मला सांगायची आहे, तीही आधी त्या कानाकडेच बघत बसली होती.

दुपारची वेळ होती. दोघीजणी आत आल्या. पुढे तिशी ओलांडलेली एक सडपातळ स्त्री. तिचा उजवा डोळा लाल झाला होता आणि पाण्याने भरला होता. मागून तिची आत्या. आत्याच्या हातात दोघींच्या पिशव्या होत्या आणि तोंडाला खंड नव्हता. इस्त्रीवाल्याच्या दुकानाशेजारी जिन्याखाली त्यांची छोटीशी जागा होती आणि तिथे त्या दोघी रफू करत.

मित्रांनो, रफू म्हणजे ठिगळ नव्हे. ठिगळ कुणालाही लावता येते. रफू करणारी बाई त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढते आणि भोकावर एकेक धागा वर-खाली घालत मूळची वीण पुन्हा उभी करते. काम झाले की गिऱ्हाईक कपडा उलटसुलट करून विचारते, "कुठे होतं भोक?" तेच त्यांचे बक्षीस. आत्याने भाचीला हे सगळे हाताला धरून शिकवले होते.

"माझे डोळे आता जाडंभरडं काम करतात, डॉक्टर," आत्या बसायच्या आधीच सांगू लागली. "चादर, कॉलर, असलं. बारीक सगळं हिच्याकडे. हिचा डोळा म्हणजे आमचं दुकान आहे बघा."

बाईंनी खोलीतले दिवे मालवले. भाचीने हनुवटी टेकवली.

"लेन्स वापरता का?"

"हो. कामापुरती."

"कामापुरती म्हणजे किती?"

भाची उत्तर देणार तोच बाई म्हणाल्या, "बोलू नका, डोकं हलतं." हनुवटी वाटीत अडकलेली. झाले, आत्याला रान मोकळे मिळाले.

"आमचं काम उठल्यापासून झोपेपर्यंत असतं. आणि झोपताना लेन्स काढायची आठवण राहिली तर नशीब. कितीदा सांगितलं, पण ऐकेल तर शपथ."

"आत्या, गप्प बस ना गं!" भाची ओठ न हलवता म्हणाली. मग हनुवटी उचलून तिने खुलासा केला. "चष्मा वाकलं की नाकावरून घसरतो. आणि माझा नंबर मोठा आहे. चष्म्यातून धागा आणखी बारीक दिसतो, वीण चुकते. लेन्स घातली की हात बरोबर पडतो. म्हणून घालते, हौस म्हणून नाही."

बाईंनी माझी फट बारीक केली आणि उजेड तिरपा टाकला. मी जे पाहिले ते तुम्हाला सांगतो. आपल्या बुबुळाच्या पुढे काचेसारखा स्वच्छ पडदा असतो. पुस्तकात त्याला पारपटल म्हणतात. शरीरात जिकडेतिकडे रक्त फिरते, पण या पडद्यात रक्ताची एकही वाहिनी नसते, म्हणून तर त्यातून आरपार दिसते. त्याला हवा बाहेरून मिळते आणि बाकीचे पोषण आसवांतून व डोळ्यातल्या पाण्यातून. त्याच्यावर सतत लेन्स बसवून ठेवली तर तो गुदमरतो. मग शरीराला वाटते, याला मदत हवी आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक बारीक वाहिन्या निघतात आणि त्याला रक्त पोचवायला आत शिरतात. हेतू चांगलाच असतो. पण मदतीला आलेले हे पाहुणे ठाण मांडून बसतात. भाचीच्या डोळ्यात कडेवरून असेच लाल धागे आत आले होते, त्यांना फाटे फुटले होते आणि त्यांचा रोख मधल्या बाहुलीकडे होता.

"रक्तवाहिन्या आत शिरल्यात," बाई म्हणाल्या.

"पण रक्त तर चांगलंच ना?" आत्याने विचारले.

"बाकी सगळीकडे चांगलं. इथे नाही. खिडकीच्या काचेवर वेल चढला तर बाहेरचं काय दिसणार?"

लेन्स त्या दिवसापासून बंद झाली. चष्मा आला. सूज उतरवणारे थेंब सुरू झाले. हे थेंब मनाने चालू ठेवायचे नाहीत आणि मनाने बंदही करायचे नाहीत, त्यांनी कधीकधी डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून तपासणीला यायचेच, असे बाईंनी दोनदा बजावले. भाची येत राहिली. दर वेळी ते लाल धागे थोडे फिके होत गेले. शेवटी एकदा डोळा असा पांढरा झाला की आत्याने खोलीतच टाळी वाजवली.

बाईंनी मात्र पुन्हा माझी फट बारीक केली. तिरप्या उजेडात मला ते दिसत होते. धाग्यांतले रक्त आटले होते, पण धागे गेले नव्हते. रिकाम्या, करड्या, केसांहून बारीक नळ्या जागच्या जागी पडून होत्या.

"नळ्या अजून आहेत," बाई म्हणाल्या. "रिकाम्या आहेत, इतकंच. लेन्स घातलीत तर पटकन पुन्हा भरतील. तेव्हा चष्माच. आणि महिन्याने या."

भाचीने मान डोलावली. तिचे कपाळ माझ्या पट्टीला टेकलेले होते, त्यामुळे तो 'हो' मला चांगला जाणवला.

ती महिन्याने आली नाही. त्यानंतरही आली नाही. मी तिची वाट पाहत होतो असे म्हणणार नाही. माझ्यापुढे दिवसभर इतके डोळे येऊन जातात की एकाची वाट पाहायला उसंत नसते. कुणाच्या डोळ्यात कुसळ, कुणाच्या मोतीबिंदू, कुणाच्या खुपऱ्या. संध्याकाळी बल्ब विझला की मला काही म्हणजे काही आठवावेसे वाटत नाही. खरे सांगायचे तर तेव्हा मी फार थकलो होतो आणि माझ्या जागी नवे मशीन येणार अशी कुजबुज ऐकून मला वाईटही वाटले नव्हते.

आणि मग ती आली. या वेळी आत्या पुढे नव्हती. भाचीने उजवा डोळा रुमालाने दाबून धरला होता आणि आत्याने तिचा दंड धरला होता. आत्या काही बोलत नव्हती. मामांनीही ते ओळखले आणि काही न विचारता स्टूल पुढे सरकवले.

उजेड पडला आणि बाईंनी फट आणखी बारीक केली. जुन्या नळ्या काठोकाठ भरल्या होत्या. त्यांतली एक चांगली जाड होऊन खोल गेली होती आणि तिच्या टोकाला पिवळट पांढरा थर साचला होता. कच्च्या वाहिन्यांतून रक्तातली चरबी झिरपते, तिचा तो थर. तो बाहुलीच्या अगदी उंबरठ्याशी येऊन ठेपला होता.

"लेन्स घातलीत तुम्ही."

भाचीने हनुवटी उचलली. "घातली. लग्नाचा एक कोट आला होता, अगदी छातीवरच जळलेला. मग एक शाल आली. कामं तुंबली होती."

"मी काय सांगितलं होतं?"

"आरशात बघितलं तर डोळा पांढराशुभ्र होता, डॉक्टर. आत्यानं खिडकीपाशी नेऊन बघितलं. तिलाही काही दिसेना. आमच्यात भोक दिसेनासं झालं की कामावरून हात उचलतात. त्यावर आणखी एक टाका घातला तर केलेलं काम बिघडतं. मला वाटलं, झालं बरं. मग थेंबही थांबवले."

"मीच म्हणाले तिला," आत्या हळूच म्हणाली. "आता कशाला औषधं ओततेस, म्हणाले. मी शिकवलंय ना तिला हात उचलायला."

बाईंचा पारा चढला. मी त्यांना इतके चिडलेले क्वचितच पाहिले आहे. "तुम्ही घरी आरशात बघून ठरवणार! मग हे मशीन काय शोभेला ठेवलंय इथे?"

मित्रांनो, कित्येक वर्षांत माझी एवढी तारीफ कुणी केली नव्हती. ती रागात झाली, हा भाग वेगळा. पण मला ती गोड लागली नाही. माझ्यापुढे तो डोळा होता आणि त्यातून पाणी गळत होते.

"हा थर बाहुलीवर आला तर?" भाचीने विचारले.

"तर या डोळ्यानं धागा दिसणार नाही."

"मग कुणाचं तरी दान केलेलं बुबुळ बसवतात ना?"

"बसवतात. म्हणजे हा पुढचा पडदाच. पण जिथे अशा वाहिन्या शिरल्यात, तिथे शरीराला नवा पडदा परका आहे हे लगेच कळतं आणि तो झिडकारला जाण्याची भीती वाढते. काहीही करायचं तरी आधी या वाहिन्या थांबवायला हव्यात. मी प्रयत्न करते. हमी देत नाही."

भाचीने रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली. "डाव्या डोळ्यालाही होईल का?"

"त्यातही कडेला सुरुवात आहे. तो अजून आपल्या हातात आहे. दोन्ही लेन्स आज इथेच टाका."

पिशवीतून डबी निघाली. आत्यानेच ती मामांच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि झाकण दाबून धरले, जणू डबी बाहेर उडी मारणार होती.

उपचार पुन्हा सुरू झाले. थेंब होतेच. शिवाय नव्या वाहिन्यांची वाढ रोखणारे एक औषध डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाखाली सुईने सोडायचे होते, आणि ते माझ्यासमोरच. बाईंनी आधी डोळा बधिर करणारे थेंब घातले. मग सुई हातात घेतली. भाचीने चांगल्या डोळ्याने तिच्याकडे निरखून पाहिले.

"सुई कितव्या नंबरची?"

बाईंना हसू आले. "का? तुमच्याकडे हवीय का?"

"बारीक आहे. पण नेढं नाही."

"हिच्या नेढ्यातून औषध जातं. आता माझ्या कानाकडे बघा. आणि बोलू नका."

आणि नेमका त्याच वेळी माझा बल्ब मिचकावला. एकदा, मग पुन्हा. बाईंचा हात अधांतरी थांबला. सगळे आयुष्य मी फक्त उजेड धरला, आणि जिथे तो हवा तिथेच माझा दम निघावा! "म्हाताऱ्या, आत्ता नको रे," असे पुटपुटत मामा खाली वाकले आणि त्यांनी वायर जागेवर घट्ट बसवली. मी होते नव्हते ते बळ एकवटून तेवत राहिलो. सुई गेली, औषध गेले, सुई बाहेर आली. भाचीने पापणीसुद्धा हलवली नाही. दिवसभर सुईशी खेळणाऱ्या माणसाला स्थिर राहणे म्हणजे काय हे ठाऊक असते.

बारीक फाटे या औषधाने सुकत गेले. पण ती जाड वाहिनी काही बधेना. तीच सगळ्यांना रक्त पुरवत होती. शेवटी बाईंनी सांगितले, हिला मुळाशीच बंद करावे लागेल. ऑपरेशनच्या खोलीत नेऊन बारीक सुई त्या वाहिनीत घालायची आणि सुईला क्षणभर उष्णता द्यायची, म्हणजे वाहिनी आतून मिटते.

"म्हणजे धागा ओढून काढायचा नाही," भाची म्हणाली. "जिथून येतो तिथेच अडवायचा."

"बरोबर. ओढला तर आजूबाजूचं कापड चुरगळेल." बाई आता रफूच्या भाषेत बोलू लागल्या होत्या.

ऑपरेशनच्या खोलीत मला प्रवेश नाही. त्या दिवशी मी माझ्या अंधारातच होतो. आत्याला बाहेरच्या गर्दीत बसवेना म्हणून मामांनी तिला माझ्यासमोरच्या स्टुलावर आणून बसवले. तिने पाणी नको म्हटले, चहा नको म्हटला. मग तिचा हात आपोआप माझ्या खोळीवर गेला आणि बोटे त्या भोकाच्या कडा चाचपू लागली.

"तिच्या डोळ्यात सुई आणि मी इथे बाहेर," ती मामांना म्हणाली. "सुई धरायला मी शिकवलं तिला. सहा वर्षांची होती. बोटाला टोचली की माझ्याकडे बोट पुढे करायची. आता काय पुढे करेल?"

मामांनी दार ओढून घेतले, बाहेरचा गलका कमी झाला.

"हे कुणी फाडलं?" थोड्या वेळाने आत्याने विचारले.

"कुणी नाही. वयानं फाटलं."

"घेऊन जाते मी. हातात काहीतरी असू दे." आणि तिने माझी खोळ काढून, नीट घडी घालून पिशवीत ठेवली.

पुढचे दिवस कसे गेले, ते मी ताणून सांगत नाही. ऑपरेशन ठीक झाले. पण डोळा काही एका रात्रीत सुधारत नाही. ती येई, हनुवटी टेकवी, कानाकडे बघे. जाड वाहिनी मिटलेली असे, कधी बाजूचा एखादा फाटा पुन्हा गुलाबी दिसे, मग पुन्हा औषध. पिवळा थर फार सावकाश, हट्टी पाहुण्यासारखा, एकेक पाऊल मागे सरकत गेला. बाहुलीपासून तो दूर झाला. पूर्ण गेला मात्र नाही. भिंतीवरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ तिला उजव्या डोळ्याने अजून वाचता येत नाही आणि कदाचित कधीच येणार नाही. हे बाईंनी तिला स्पष्ट सांगितले. ती थोडा वेळ रडली. मी तिच्या हनुवटीखालचा कागद ओला झालेला पाहिला. मामांनी तो बदलला.

पण ती रडून थांबली नाही. चष्म्याच्या काड्यांना तिने मागून पट्टा बांधला, म्हणजे वाकले तरी तो घसरणार नाही. टेबलाला मोठे भिंग लावले. सुरुवातीला कॉलरी, मग खिसे, मग हळूहळू बारीक काम. आत्या म्हणे, "पूर्वी एका दिवसात व्हायचं ते आता दोन दिवस घेते. घेऊ दे. दुकान काय पळून जातंय?"

परवाच ती आली. डोळा स्वच्छ होता. तपासणीच्या आधी तिने पिशवीतून माझी खोळ काढली आणि बाईंपुढे धरली. धुतलेली, आणि इतक्या वर्षांनी पुन्हा इस्त्री केलेली.

"हिनं केलंय," आत्या म्हणाली. "मी हात लावला नाही. पहिलंच एवढं मोठं काम, या डोळ्यांनी."

बाईंनी खिडकीचा जाड पडदा सारून खोळ उजेडात नेली. उलटी केली, सुलटी केली. मामांनीही चष्मा कपाळावरून खाली ओढून पाहिले. शेवटी बाई म्हणाल्या, "अहो, कुठे होतं भोक?"

आत्याचा चेहरा असा फुलला की मला माझा नवेपणाचा काळ आठवला. पण भाची हसली नाही. ती म्हणाली, "डॉक्टर, जरा दिवे घालवता का?"

बाईंनी पडदा ओढला आणि दिवे घालवले. भाचीने खोळीचा तो भाग माझ्या हनुवटीच्या वाटीवर ताणून धरला, जिथे एरवी तिचा चेहरा असतो. बाईंनी फट बारीक केली आणि उजेड तिरपा टाकला. मित्रांनो, मग मला ते भोक दिसले. म्हणजे भोक नव्हे, भोकाची जागा. तिचा प्रत्येक धागा कापडाच्या अंगाहून जरासा उंच उठला होता आणि त्याची केसाएवढी सावली पडली होती. मी आयुष्यात पाहिलेल्या सुंदर गोष्टींपैकी ती एक आहे.

"या, बघा," बाईंनी आपली जागा सोडली. भाचीने माझ्या भिंगांना डोळे लावले. पहिल्यांदाच ती माझ्या या बाजूला बसली होती. बराच वेळ ती बघत राहिली.

"अजून आहे," ती म्हणाली.

"अगं, गिऱ्हाईक काय असलं मशीन काखेत मारून येतं?" आत्या वैतागली. "छान झालंय. हात उचल आता."

"कापडावरचा उचलला, आत्या." भाची उठली, वळसा घालून आपल्या स्टुलावर आली आणि कुणी सांगायच्या आधीच तिने हनुवटी वाटीत ठेवली, कपाळ पट्टीला टेकवले. "डोळ्यावरचा नाही. बघा डॉक्टर, आणि पुढच्या वेळी कधी यायचं ते आधी सांगा."

इतक्या भेटींत हा प्रश्न तिने स्वतःहून कधी विचारला नव्हता. "महिन्याने," म्हणत बाईंनी आपले स्टूल पुढे ओढले. मग त्यांनी नेहमीचेच सांगितले, "माझ्या कानाकडे बघा."

आता नवे मशीन खरोखरच येणार आहे. त्याला कॅमेरा आहे म्हणे, पडद्यावर सगळे दिसते. मला मागच्या खोलीत हलवणार आहेत. जुन्या रुग्णांची पुन्हा पुन्हा करायची तपासणी तिथे होईल, असे बाईंनी मामांना सांगितले. मला त्याचे दुःख नाही. मी दमलो आहे आणि मागच्या खोलीत गर्दी कमी असते. तुमच्याकडे माझे मागणे थोडेच आहे. माझ्यासमोर बसाल तेव्हा कपाळपट्टी नखांनी कुरतडू नका. मला उगाच पेटता ठेवू नका, माझे बल्ब आता मिळत नाहीत. आणि डोळा लाल राहिला नाही, दुखत नाही, म्हणून तो बरा झाला असे घरच्या आरशाला विचारून ठरवू नका. आरसा समोरून बघतो. त्याला तेवढेच येते. मला विचारायला या, कितीही कंटाळा आला तरी या. मीही कंटाळलेलाच असेन, पण खोटे सांगणार नाही.

संध्याकाळी मामा खोळ घालतात तेव्हा सवयीने त्यांचे बोट ते भोक शोधते. त्यांना ते सापडत नाही आणि ते स्वतःशीच हसतात. मला मात्र आतून, सकाळी पडद्याच्या फटीतून खिडकीतला उजेड आडवा आला की, तिचे धागे दिसतात. महिन्याने ती येणार आहे. तेवढे दिवस बल्ब टिकला म्हणजे झाले.